हरळी येईना, भूक जाईना

एक होते करडू. त्याचे नाव पिटुक.
गोठ्यामागे पिटुकची हरळी होती. हिरवी, मऊ, एवढीशी.
एके दिवशी ती संपली. मुळासकट संपली.
कोणी खाल्ली? पिटुकने खाल्ली.
पण भूक तर राहिलीच.

पिटुक निघाले. टुबुक टुबुक.
बांधावर दुसरी हरळी होती. उंच, दाट, डौलदार.
"हरळीताई, हरळीताई,
पिटुकची भूक जाईना!
गोठ्यामागे येतेस का?"
हरळी म्हणाली, "मी संकरित. मला बी धरत नाही. माझी कांडी तोडून लावावी लागते. विळा तोडील, तर मी येईन."

टुबुक टुबुक. खुंटीवर विळा होता.
"विळोबा, विळोबा,
हरळी येईना,
पिटुकची भूक जाईना!
कांडी तोडतोस का?"
विळा म्हणाला, "मी बोथट. काकू धार लावील, तर मी तोडीन."

टुबुक टुबुक. खळ्यात येसूकाकू होती.
"येसूकाकू, येसूकाकू,
विळा तोडीना,
हरळी येईना,
पिटुकची भूक जाईना!
धार लावतेस का?"
काकू म्हणाली, "अरे लबाडा, आधी माझा पदर सोड! हे कापलेलं गवत ओलं राहिलं, तर कुजेल. मग गाई काय खातील? गवत वाळेल, तर मी धार लावीन."
पिटुकने पदर सोडला.

टुबुक टुबुक. खळ्यात गवत पसरले होते.
"गवतमामा, गवतमामा,
काकू धार लावीना,
विळा तोडीना,
हरळी येईना,
पिटुकची भूक जाईना!
वाळतोस का?"
गवत म्हणाले, "आपोआप कसा वाळू? वारा वाहील, तर मी वाळेन."

टुबुक टुबुक. टेकडीवर वारा लोळत होता.
"वारोबा, वारोबा,
गवत वाळेना,
काकू धार लावीना,
विळा तोडीना,
हरळी येईना,
पिटुकची भूक जाईना!
वाहतोस का?"
वारा म्हणाला, "एकट्याने वाहायचा कंटाळा येतो. कोणी पळेल, तर मी वाहीन."

पिटुकने इकडे पाहिले. तिकडे पाहिले. कोणी नव्हते.
मग पिटुकच पळाले.

टुबुक टुबुक टुबुक!
पिटुक पळाले, वारा वाहिला. सूं सूं!
वारा वाहिला, गवत वाळले. खुसु खुसु!
गवत वाळले, काकूने धार लावली. खर्र खर्र!
काकूने धार लावली, विळ्याने कांडी तोडली. कच्च!
विळ्याने कांडी तोडली, हरळी गोठ्यामागे आली.
काकूने ती ओल्या मातीत खोचली. वर पाय दिला. दप्प!

पिटुकने तोंड उघडले.
"अं हं!" काकू म्हणाली. "आधी तिला मूळ धरू दे. तोवर हे वाळलेलं खा."
पिटुकने वाळलेले खाल्ले. हिरव्याकडे पाहिले.
कांडीला पान फुटले. पिटुकने पाहिले.
हरळी सरसर पसरली. पिटुकने पाहिले.
गोठ्यामागे हिरवेगार झाले.
"हं, खा आता," काकू म्हणाली.
पिटुकने घास घेतला. कुरुम् कुरुम्.
"काय रे, कशी आहे?" काकूने विचारले.
पिटुक काही बोलले नाही.
तोंडात घास असताना बोलू नये.