गोमुखीतले पाच रुद्राक्ष

“आता याहून सोपं करून कसं दाखवायचं, बुवा?” धैर्यशीलने विचारलं.

शिदोबुवा मठाच्या ओसरीवर बसले होते. एक जुनी माळ तुटली होती. तिचे रुद्राक्ष ताटात घेऊन ते नव्या दोऱ्यात ओवत होते.

धैर्यशील चौगुले लहानपणी त्यांच्याकडे पखवाज शिकला. आता तो तालुक्याच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवतो. त्याने लॅपटॉप उघडून बुवांच्या पुढ्यात ठेवला.

पडद्यावर लहानमोठ्या रंगीत काठ्या उभ्या होत्या. दोन काठ्या उजळायच्या आणि उडी मारून जागा बदलायच्या. मग पुढच्या दोन. शेवटी सगळ्या लहानीपासून मोठीपर्यंत ओळीत आल्या, हिरव्या झाल्या आणि घंटा वाजली.

“प्रोग्रॅम आत जे करतो, ते हे असं बाहेर दिसतं. चार महिने खपलो यावर.”

बुवांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं.

“छान आहे. घंटा तर फारच छान.”

“दुसऱ्या कॉलेजांतून मागणी येतेय. आणि माझ्याच वर्गात एक मुलगी आहे, रुतिका पोवार. तिला वीस वेळा दाखवलं असेल. बघताना मान हलवते. प्रोग्रॅम लिही म्हटलं की अडते. या परीक्षेत काय लिहिलं सांगू? ‘सगळ्यांत लहान दिसेल ती काठी उचला आणि पहिली ठेवा.’”

तो हसला.

“दिसेल ती, म्हणे. यंत्राला काय डोळे असतात, बुवा? त्याला एका वेळी दोनच ताडून बघता येतात.”

बुवा हसले नाहीत.

“तिला असं का वाटलं?”

“त्या विषयाचं डोकंच नाही. तिने शाखा बदलावी, असं पत्र लिहून ठेवलंय. खिशातच आहे. सही तेवढी राहिली. सोमवारी ऑफिसात दिलं की झालं.”

“तिला बदलायची आहे?”

“नाही. ‘सर, अजून एकदा,’ एवढंच म्हणते.”

...

बुवा उठले. खुंटीवरची गोमुखी काढली. जप करताना माळ आणि हात दोन्ही झाकून जातात, ती कापडी पिशवी. ताटातले पाच लहानमोठे रुद्राक्ष तिच्यात टाकले.

“हात घाल. आतल्या आत लहानापासून मोठ्यापर्यंत लाव. खालच्या शिवणीवर, ओळीने.”

“एवढंच?”

“एवढंच. दुसरा हात मांडीवर ठेव.”

धैर्यशीलने हात घातला. चिमटीत दोन आले. तिसरा धरायला गेला तर पहिला निसटला. कुठला लहान होता, ते विसरला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बुवा ओवत राहिले.

“मघाचाच आला वाटतं हा,” तो पुटपुटला.

थोड्या वेळाने त्याच्या कपाळावर घाम आला.

“बुवा, एकदा उघडून बघू का?”

“कशाला?”

“सगळे एकदम दिसले की लगेच...”

तो थांबला. पडद्यावर काठ्या हिरव्या होऊन उभ्या होत्या. सगळ्या. एकदम.

त्याने हात पिशवीतच ठेवला.

“तोंडाने बोलत कर,” बुवा म्हणाले. “पखवाजावर हात ठेवायच्या आधी बोल म्हणायचास, तसं.”

धैर्यशीलने डोळे मिटले.

“दोन धरलेत. डावा मोठा... तो उजवीकडे सरकवला. आता त्याच्यापुढचा धरतो. हा पण लहानच... मोठ्याला अजून पुढे नेलं.”

“हं.”

“शेवटाला आलो. सगळ्यांत मोठा शेवटी गेला असणार.”

“मग?”

“मग पुन्हा पहिल्यापासून. दोन दोन.”

बुवांनी हातातला दोरा खाली ठेवला आणि ऐकत राहिले. उन्ह ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं.

“लागले वाटतं,” शेवटी धैर्यशील म्हणाला.

बुवांनी पिशवी उघडून पाहिली नाही. त्यानेही पाहिली नाही.

त्याने लॅपटॉप बंद केला.

“सोमवारी ही गोमुखी नेऊ का?”

“गोमुखी मला लागते. पिशवी कुठलीही चालेल. रुद्राक्ष ने.”

बुवांनी पाचही रुद्राक्ष त्याच्या तळहातावर ओतले. धैर्यशीलने खिशातून ते पत्र काढलं, त्यात रुद्राक्ष ठेवले आणि पुडी बांधली.

पायरीवर चप्पल घालता घालता तो वळला.

“पण बुवा, तिचा हात पिशवीत असणार. आत ती काय करतेय, ते मला कसं दिसायचं?”

बुवांनी दोरा पुन्हा उचलला.

“तिला विचार.”