पहिला भात कुणाला?

“उद्याच्या पंगतीत सर्वांत थोर माणसाला पहिला भात वाढायचा! बाकीच्यांपैकी एकजण जरी रुसून पानावरून उठला, तर सखोबा, चूल विझवायची आणि राज्याबाहेर चालू पडायचं!”

राजा शूरपालाचा हुकूम ऐकून सखोबा आचारी घरी येऊन मटकन बसला.

“आबा, झालं काय?” गोजराने विचारलं. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच.

“आज पहिला भात कवी केतकीदासांना वाढला. तर तारे बघणारे गंगाधरभट उठले, अनंतशास्त्री उठले, हातमागांचे कारखानदार हरबाशेटही उठले! मग ‘हे उठले तर मी कसा जेवू?’ म्हणून कवीही उठला. चार थोर माणसं, चौघंही उपाशी!”

“आणि महाराज?”

“ते यजमान. त्यांचं पान नेहमी शेवटी. ते जेवले की पोटभर!”

गोजरा गालात हसली. “आबा, उद्या तुम्ही रांधा. वाढायला मी एकटी!”

दुसऱ्या दिवशी दरबारची लांबलचक पंगत बसली. भाताचा घमघमाट सुटला. कालपासून उपाशी असलेले चौघे पानांकडे डोळे लावून बसले. गोजरा भाताचं भांडं कमरेवर घेऊन आली. हातात चिमुकली पळी!

“महाराज, रीत तीच ना? शेवटचं पान वाढून श्लोक होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही?”

“म्हणजे काय! आपल्याकडे तीच रीत.”

“मग थोर मंडळी, ऐका! पंगत मोठी, पळी लहान आणि वाढणारी मी एकटी. पहिला भात ज्याच्या पानात पडेल, तो हात जोडून सगळ्यांत जास्त वेळ बसेल. त्याच्या भाताचा दगड होईल, तूप थिजेल! तर सर्वांत थोर कोण? हात वर करा!”

चारही हात झटकन मांडीखाली गेले.

“कवीच थोर!” गंगाधरभट घाईने म्हणाले. “ते नसते तर चंद्राकडे बघितलं असतं कुणी?”

“छे, छे! हरबाशेट थोर!” कवी ओरडला. “त्यांचे माग नसते तर मी दरबारात उघडा येऊन कविता म्हटली असती!”

“अरे देवा!” कुणीतरी पुटपुटलं.

“शास्त्रीबुवांनी पूजा केल्याशिवाय माझा एक माग चालत नाही! थोर तेच!” हरबाशेट म्हणाले.

“पण पूजा कधी करायची, ते गंगाधरभट आकाश बघून सांगतात!” शास्त्रीबुवांनी सुस्कारा सोडला. “वाढ त्यांना! मला मुळीच राग नाही!”

काल भांडणारे आज एकमेकांना पुढे ढकलत होते. राजाला हसू आवरेना. तरी मिशीवर हात ठेवून तो म्हणाला, “पोरी, हुकूम हुकूम आहे! थोर कोण ते ठरव आणि वाढ!”

“ठरलं, महाराज!” गोजराने भाताची पळी थेट राजाच्याच पानात रिकामी केली. “आपल्यापेक्षा थोर कुणी असेल, तर त्याने आत्ताच रुसून उठावं!”

कुणी हललंसुद्धा नाही! राजाने वाफाळत्या भाताकडे बघितलं, मग समोरच्या न संपणाऱ्या पंगतीकडे, मग त्या चिमुकल्या पळीकडे.

“अगं, पण माझा भात! मी आजवर कधी गार भात खाल्ला नाही!”

“थोरपण आलं की गार भात आलाच, महाराज!”

राजा इतका हसला की त्याचा मुकुट पानात पडता पडता राहिला. “चला रे, उठा! मुदपाखान्यातले भाताचे मोठे डाव आणा!” म्हणत त्याने अंगरखा खोचला आणि स्वतःच भात वाढायला धावला. मागोमाग शास्त्रीबुवा वरण घेऊन, हरबाशेट तूप घेऊन आणि कवी लिंबाच्या फोडी घेऊन! गंगाधरभट नजर वर ठेवून चालायचे, म्हणून त्यांच्याकडे फक्त मीठ दिलं.

सगळी पानं वाढून झाली, तेव्हा राजाने आणखी दोन पानं मांडली. शेवटच्या पानावर गोजराला बसवलं, शेजारी सखोबाला. हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं आणि मुदपाखाना सखोबाकडे कायमचा सोपवला. मग तिच्या पानात वाफाळता भात वाढून तो म्हणाला,

“हे शेवटचं पान! आता श्लोक म्हण लवकर, बाई. सगळे थोर लोक तुझ्यासाठी खोळंबलेत!”