अंग चोरणारी नाव

"मुलगी स्वभावानं गरीब आहे हो, पण जागा किती घेते!"

नलूआत्या सासूबाईंना म्हणाल्या. त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या, पण त्यांची कुजबुज सोसायटीच्या फाटकापर्यंत जाते. मी तर दाराशीच होते, हातात चहाचे रिकामे कप. विषय होता माझं टेबल. मी बोटींचे आराखडे काढते. त्यासाठीचं रुंद, तिरकं टेबल माहेरून आणून बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मांडलं आहे. "माळ्यावर टाका ते. आराखडे काय, मांडीवर पाट घेऊनही निघतील," आत्या म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे येत्या रविवारी.

मी कप घेऊन मागे फिरले. भांडायची मला सवय नाही. मनातल्या मनात गोष्ट रचायची मात्र आहे. ती अशी.

एकदा एक वृद्ध नौकाकार खाडीकाठी राहत असे. त्याचा एक शिष्य होता, हाताने कुशल आणि स्वभावाने फार मऊ. एका मिठाच्या व्यापाऱ्याने सपाट तळाचा पडाव, म्हणजे माल वाहायची नाव, बांधायला सांगितला, तेव्हा गुरूने ते काम शिष्यावर सोपवले. म्हणाला, "हा पडाव माल घेऊन समुद्राला लागला, तर पुढचा तू स्वतःच्या नावाने बांध."

अडचण एकच होती. खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा होता आणि भरतीलाही त्यावर जेमतेम कमरेइतके पाणी असे. भरलेला पडाव त्याहून कमी बुडायला हवा होता. गुरूने पडावाच्या बाजूला बसवायच्या फळीवर तांबडी रेघ मारून दिली. पाणी रेघेच्या वर चढले, तर पडाव वाळूत रुतणार.

काम सुरू झाले तसे धक्क्यावरचे नावाडी डोकावू लागले. "ए बाबा, आधीच इथं दाटी. तुझं धूड लावणार कुठं? जरा अंग चोरून राहील असं बांध की!" शिष्याला ते पटले. पाण्याची जागा जितकी कमी घेऊ, तितकी नाव वर राहील, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने ठरलेली रुंदी निम्म्यावर आणली. गुरूने पाहिले, पण अडवले नाही.

पडाव शेवग्याच्या शेंगेसारखा सडपातळ झाला. नावाडी खूश. "गुणी आहे हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

मग मिठाच्या गोण्या चढू लागल्या. अर्ध्या चढल्या नाहीत तोच पाणी रेघेला टेकले.

"अहो, पावसाळा तोंडावर आलाय!" व्यापारी ओरडला. "माझं मीठ इथंच विरघळवू का?"

शिष्य ओशाळून म्हणाला, "बाकीच्या गोण्या राहू देत. ओझं कमी करू."

गुरूने गोण्या उतरवून पडाव काठावर ओढायला लावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणून रेघ मारली आणि करवत मागवली.

"आजोबा, कोरी नाव कापता?" व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. नावाडी खो खो हसले. शिष्याचे डोळे भरून आले, तरी त्याने करवतीचे दुसरे टोक धरले.

दोन भागांच्या मध्ये रुंद फळ्या बसू लागल्या, तेव्हा गुरू बोलला.

"बाळा, पाणी दया म्हणून कोणाला उचलत नाही. नाव आणि माल मिळून जेवढे वजन, तेवढ्या वजनाचे पाणी नावेने बाजूला सारावे लागते. ते सारून होईपर्यंत ती खाली जातच राहते. यात सवलत नाही. लांबी तीच, भार तोच आणि रुंदी निम्मी, मग बूड दुप्पट खोल जाणारच. तू जागा वाचवली नाहीस. चारचौघांत घ्यायची ती खाली, कोणाला न दिसेल अशी घेतलीस. अंग चोरणारी नाव अधिक बुडते."

"पण या फळ्यांचंही वजन आहेच की," शिष्य म्हणाला.

"आहे. जागा त्याहून पुष्कळ वाढते. आणि ओझे कशाला कमी करायचे? मीठ वाहण्यासाठीच ती जन्मली. मीठ टाकून तरंगायचे, तर ओंडका काय वाईट?"

"आणि धक्क्यावरचे लोक?"

"ते आपापल्या नावा वीतभर सरकवतील. खाडी त्यांनी खणलेली नाही."

पुढच्या भरतीला पडाव सगळे मीठ घेऊन निघाला. रेघ पाण्याच्या वर कोरडी होती. नावाड्यांनी कुरकुरत नावा सरकवल्या. उंचवट्यावरून जाताना तळाला वाळूची खरखरसुद्धा ऐकू आली नाही. पुढच्या पडावाची रुंदी ठरवताना शिष्याने धक्क्यावर कोणाला विचारले नाही.

रविवारी आत्या आल्या. नवऱ्याने टेबलाची एक कड धरलीही होती. मी टेबलाशीच काम करत होते.

"तुझी काही हरकत नाही ना गं?" आत्यांनी खिडकीकडे बघत विचारलं.

मी पेन्सिल खाली ठेवली.

"आहे, आत्या. टेबल इथंच राहील. सोफा वीतभर सरकवू या. एक बाजू मी धरते."