नक्षीचा चिरा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही ऐकावी अशी.

त्या गावात येसू नावाची पाथरवटीण राहत होती. ती दगडाचे चौकोनी चिरे घडवायची आणि त्यांवर नक्षी कोरायची. गावाने नवी वेस बांधायला घेतली, तेव्हा कमानीच्या एकवीस चिऱ्यांचं काम पाटलांनी तिलाच दिलं.

वीस चिरे झाले. प्रत्येकावर वेगळं फूल होतं. राहिला तो अगदी माथ्यावरचा, मधला चिरा. बाकीचे सगळे त्याच्याच आधारावर उभे राहणार होते. त्यावर येसूने कमळ कोरलं. पाकळ्या उठून दिसाव्यात म्हणून ती छिन्नी खोल खोल घालत गेली. "अजून थोडी," असं म्हणता म्हणता दगडातून बारीक कर्र असा आवाज आला.

केसाएवढी चीर गेली होती.

वेस उघडायला दोनच दिवस उरले होते. खाणीतून नवा दगड आणायलाच आठवडा लागला असता. तिने इकडेतिकडे पाहिलं, डिंकात दगडाची भुकटी कालवली आणि चीर बुजवून टाकली.

चिरा कमानीत बसला. खाली लाकडी आधार होता, म्हणून कमान उभी राहिली; तो आधार वेस उघडताना काढायचा होता. लोक मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "काय हात आहे बाईचा!" ते ऐकलं की येसू तिथून निघून जायची. तिला घास गिळवेना. कुठे भांडं पडलं तरी ती दचकून वेशीकडे बघायची.

शेजारची कोंडाई हसत आली. "अगं येसू, माझी सून बाळाला घेऊन माहेराहून येतेय. पाटलांना सांगून ठेवलंय, नव्या वेशीतून पहिलं पाऊल तिचंच!"

येसूने नुसती मान डोलावली आणि छिन्नीला धार लावत राहिली.

वेस उघडायचा दिवस उजाडला. ढोल वाजू लागले. वेशीबाहेर कोंडाईची सून बाळाला छातीशी धरून उभी होती. सुताराने आधाराची पाचर ठोकून काढायला हातोडा उचलला. तोच येसू गर्दीतून धावली आणि थेट कमानीखाली जाऊन उभी राहिली.

"थांबा! पाचर काढू नका! मधला चिरा फुटलाय. मीच फोडलाय, आणि मीच बुजवलाय."

ढोल थांबले. पाटलांचा चेहरा लाल झाला. "दोन दिवस गप्प बसलीस, आणि आज सांगतेस?"

"भीती वाटली, पाटील," ती एवढंच म्हणाली.

कुणी शिव्या दिल्या. कोंडाईने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पाटलांनी सगळ्यांना लांब हटवलं, पाचरीला दोर बांधला आणि दुरून ओढायला लावला.

पाचर निघाली. क्षणभर काहीच झालं नाही. येसूला वाटलं, आपण उगाच बोललो. मग कमळ मधोमध दुभंगलं आणि अख्खी कमान धडाधड खाली आली. बाळ दचकून रडू लागलं.

वेस दोन महिने उशिरा झाली. ती दुसऱ्याच पाथरवटाने बांधली, आणि येसूने त्याच्या हाताखाली साधे चिरे घडवले. वेशीवर तिचं नाव लागलं नाही. पण कोंडाई एक दिवस भाकरी घेऊन आली आणि तिच्याशेजारी बसली. कितीतरी दिवसांनी येसू पोटभर जेवली.

म्हणून ध्यानात ठेवा: आपली चूक सांगितली तर आपली मान खाली जाते, पण लपवली तर दुसऱ्याचा जीव जातो.