कढई खुंटीवर गेली

भांडी बोलत असत त्या काळची गोष्ट. सगुणामावशीच्या स्वयंपाकघरात कढईचा भारी तोरा होता. "माझ्यात कधी मांसमच्छी शिजली नाही. माझी मावशी शंभरी गाठणार!" रोज पुऱ्या नाहीतर भजी, उपवासाला साबुदाणा वडे. भाजीचं पातेलं फळीवर धूळ खात पडलेलं.

एक दिवस विहिरीवरून येताना मावशीला धाप लागली आणि ती उंबऱ्यातच बसली. वैद्यांनी नाडी पाहिली. "काळीज थकलंय. पण अजून वेळ गेलेली नाही. आधी ते तळण बंद करा."

कढई कळवळली. "अहो, पण आम्ही शाकाहारी!"

"ताई, तेलसुद्धा शाकाहारीच असतं," पातेलं हळूच म्हणालं.

त्या दिवशी पातेलं चुलीवर चढलं आणि कढई खुंटीवर गेली. घरात मेथी, चवळी, मूग शिजू लागले. कढई रुसली, कुणाशी बोलेना.

पावसाळा सरला. एका सकाळी मावशी भरली घागर घेऊन, गाणं गुणगुणत, न थांबता आत आली. कढईचा जीव भांड्यात पडला.

"आता तू खुंटीवरच राहणार," तव्यानं चिडवलं.

"राहीन की," कढई म्हणाली. "दिवाळीला मला खाली काढायला मावशी असेल ना, मग झालं!"