खरखर

जुन्या-नव्याची एकाच फळीवर गाठ पडली, तेव्हाची ही गोष्ट. चीनमधल्या एका नदीकाठी मेइलान आजीचं चहाचं दुकान होतं. तिथल्या जुन्या रेडिओशेजारी तिने नवा मोबाइल ठेवला.

"तू नुसत्या सरकारी बातम्या ओकतोस," मोबाइल म्हणाला. "माझ्याकडे एक बाई आहे, रोज व्हिडिओत पुराचं खरं सांगते."

रेडिओ थकलेल्या आवाजात म्हणाला, "परदेशातलं खरं मीही आणायचो रे. मग ते ऐकू येऊ नये म्हणून सरकारवाले त्यावर मुद्दाम खरखर सोडायचे."

"म्हणजे संपलंच!"

"छे! लोक खुर्च्या जवळ ओढायचे. खरखर आली की समजायचं, इथे काहीतरी खरं आहे."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणालं, "आजी, त्या पूरवाल्या बाईंचं लावा."

आजीने खूप शोधलं. शेवटी मोमोंची पाककृती लागली, आवाज अगदी स्वच्छ.

"अरे, ती बाई कुठे गेली?" रेडिओने विचारलं.

"कोण बाई?" मोबाइलने मनापासून विचारलं.

लोक चहा पीत पाककृती ऐकत राहिले. बाहेर पाणी पायरीला लागलं होतं. रेडिओने उरलासुरला जीव एकवटून खरखर केली.

"म्हातारा झालाय," म्हणत आजीने त्याचं बटण बंद केलं.