दीड हात जाड भिंत

“मग चुकलं कुठं, बाबा?”

भास्करने आईसाठी बांधलेल्या नव्या घराच्या भिंतीला कोंडाजीबाबांनी आधी तळहात लावला, मग गाल.

भास्करला माती तुडवायला शिकवली ती ह्याच म्हाताऱ्याने. आता मातीची घरं बांधणारा म्हणून तालुक्यात भास्करचं नाव झालं होतं, आणि नावाबरोबर नाकही जरा वर गेलं होतं.

“दीड हात जाड भिंत. माळ्यावर भाताचा पेंढा. दाराखिडक्यांना बोटभर फट नाही. लोक बघायला येतात, बाबा. आणि आई...”

पौषातली तिन्हीसांज. दोन घोंगड्या पांघरून हौसाबाई कोपऱ्यात काकडत होती. दोन्ही अंगांना दोन शेगड्या. आठ दिवस तिने एकच धोशा लावला होता, मला जुन्या घरी ने. जुन्या घराचं छप्पर निम्मं खाली आलेलं. तिथं ती हा हिवाळा काढणार नाही, हे भास्करला कळत होतं. इथंही लक्षण काही बरं दिसत नव्हतं.

“त्या शेगड्या भाईर काढ. डोळं चुरचुरत्यात.”

भास्करने काढल्या.

“म्हस कुठंय?”

“गोठ्यात. नवा बांधलाय, पन्नास पावलांवर. घरात जनावर म्हणजे घाण, बाबा. जुन्या घरात एकाच खणात वर माणसं नि खाली जनावरं, मध्ये नुसतं आडवं लाकूड. ते दिवस गेले आता.”

“घिऊन ये.”

“आत?”

फरशी त्याने नाशिकहून निवडून आणली होती. पण गुरूपुढं शहाणपण चालत नाही. तो मुकाट गेला.

म्हैस उंबऱ्याशी बिचकली. बाबांनी फरशीवर पेंढा पसरला, तिच्या पाठीवर थाप दिली. ती आत आली, पाय दुमडून बसली, आणि मोठा उसासा टाकला.

बाबा खाली बसले. म्हैस रवंथ करत होती, तेवढाच आवाज.

मग हौसाबाई हलली. सरकत सरकत गेली आणि म्हशीच्या पोटाला पाठ लावून टेकली. तिचे दात वाजायचे थांबले. खांदे सैल पडले. ती म्हशीला काहीतरी सांगू लागली, हळू आवाजात, घरातल्या माणसाला सांगावं तसं.

भास्कर दारातच उभा होता. इतकी घरं बांधली, पण घर असं भरताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. आपल्याला यातलं काहीच येत नाही, असं त्याला पहिल्यांदा वाटलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

तरी सवय जाते कुठं? तो तालुक्याला राहायचा. आईकडे शेजारीण बघायची, आणि हा दर रविवारी येऊन भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा वहीत लिहून न्यायचा. आताही त्याची नजर तिकडे गेली.

“बाबा, दोनच अंश वाढलेत! शेगड्यांनी सहा वाढायचे. मग आता हिची थंडी गेली कशी?”

कोंडाजीबाबांनी वर बघितलं.

“म्हस आली,” ते म्हणाले. “तू कव्हा येतोस?”